पहिला फेरा घरचा

१९ नोव्हेंबर २००२

तातेराव आज पुन्हा आला. तिसऱ्यांदा. चहा बशीत ओतून प्यायला, आणि बशी खाली ठेवेपर्यंत एकदाही माझ्याकडे बघितलं नाही. जो माणूस बाईकडे न बघता तिच्या नवऱ्याला अमेरिकेला न्यायचं बोलतो, त्याच्या पोटात काहीतरी असतं.

म्हणे तिकडेही जत्रा भरते! उन्हाळाभर या गावातून त्या गावात. आपल्यासारखेच पाळणे, लाकडी घोडे, रेलगाड्या. तिकडच्या पोरांना हे काम नको, म्हणून बाहेरची माणसं बोलावतात. त्याचा वेगळा व्हिसा असतो. शेतीचं काम नाही, कायमची नोकरी नाही. हंगामापुरतं जायचं आणि हंगाम संपला की मुकाट परत यायचं. ज्या कंपनीने बोलावलं तिचंच काम करायचं, दुसरीकडे गेलं की व्हिसा रद्द. जायचं तिकीटही कंपनीच काढते.

मग तातेरावाला काय मिळतं? विचारलं तर हसला. "वहिनी, तुम्ही लई खोदता."

खोदणारच. पाणी कुठून येतं ते बघितल्याशिवाय मी पीत नाही.

संपत मात्र तोंड उघडं टाकून ऐकत होता. चहावर साय आली तरी भान नाही.

२० नोव्हेंबर

संपत. बघ, पुन्हा लिहिलं नवऱ्याचं नाव. घरात सासू आहे, तिथे 'अहो' आणि 'हे'. या वहीत तो 'तो'च. निदान इथे तरी.

२४ नोव्हेंबर

धावड्याचा कडूबाही जाणार आहे. लहान मुलांच्या रेलगाडीवाला. दोघं ओट्यावर बसून बोलतात. मी पाणी घेऊन गेले की गप्प. आत आले की पुन्हा सुरू. म्हणजे विषय मीच!

१९ डिसेंबर

धावड्याला दत्तजयंतीची जत्रा. पाळणा काल उभा केला, आज सुरू केला. नेहमीसारखा पहिला फेरा घरचा. मी, कौसल्या आणि भुजंग लाल डब्यात, बाकी सगळे डबे रिकामे. संपतने आमच्यापुढे दांडी लावली, खीळ घातली, नारळ फोडला. माझा दीर कारभारी इंजिनवर. आम्ही वर. खाली माणसं माना वर करून उभी. आम्ही हसत खाली आलो की तिकिटाला रांग लागते. मालकाची बायको-पोरं बसली, म्हणजे पाळणा पक्का!

हे सगळ्या पाळणेवाल्यांचं चालत आलेलं आहे. माझ्याआधी सासू बसायची. मला बघायला आले तेव्हा सासऱ्यांनी ना रंग बघितला, ना स्वयंपाकाचं विचारलं. एवढंच विचारलं, "पोरीला चक्कर येती का?" येत नाही म्हटल्यावर सुपारी फुटली. तेव्हापासून दर जत्रेला मी पहिली. वरून भोकरदनच्या बाजूचा रस्ता दिसतो, कुणाच्या घरावर काय वाळत घातलंय ते दिसतं. मला आवडतं. खोटं कशाला बोलू?

आज वरून तातेराव दिसला, भेळेच्या गाडीपाशी. खाली उतरले ती सरळ त्याच्यापुढे जाऊन उभी राहिले. म्हटलं, "तातेराव, आमच्या पाळण्यात पहिला फेरा घरचा असतो. तुमच्या पाळण्यात तुमच्या घरचा कोण बसला आधी?"

त्याला बरोबर समजलं. भेळ हातातच राहिली. मेव्हणा जाऊन आलाय म्हणाला. मी म्हटलं, आणून दाखवा.

२२ डिसेंबर

मेव्हण्याला घेऊन आला. साहेबराव नाव. पायात पांढरे बूट, बोलायला बरा. गेल्या वर्षी गेला होता, हंगाम संपल्यावर परत आला, आता पुन्हा जाणार. खायला काय, विचारलं. पाव, म्हणाला, आणि पुन्हा पाव. झोपायला? चाकांवरची खोली, तिच्यात पाच-सहा जण, एकाचे पाय दुसऱ्याच्या डोक्याशी. पाऊस असो वा ऊन, रात्री पाळणा मोडून पहाटे पुढच्या गावाला.

खोटं बोलणारा सगळं चांगलंच सांगतो. याने वाईटही सांगितलं, म्हणून जरा विश्वास बसला. पण मेव्हणा तरी खरा कशावरून? तातेरावाची बायको बघितल्याशिवाय नाक जुळतं का ते कसं कळणार?

संपत म्हणाला, आता तरी हो म्हण. मी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही.

११ फेब्रुवारी २००३

मुंबईहून आला. व्हिसा मिळाला!

खिडकीमागे गोरी बाई, शेजारी मराठी बोलणारा माणूस. सगळ्यांना एकच विचारतात म्हणे, हंगाम संपल्यावर परत कशाला येशील? परत न येणारा माणूस त्यांना नकोच असतो. तातेरावाने सगळ्यांना नीट पढवून नेलं होतं. बायको आहे म्हणायचं, दोन लेकरं आहेत, आई म्हातारी आहे. कडूबाने पोपटासारखं सांगितलं, त्याला मिळाला.

आणि याने काय सांगितलं? "माझा पाळणा हाय."

बस्स. तेवढंच! बाई हसली आणि व्हिसा दिला. घरी येऊन हसत हसत मला सांगतो. सासूलाही कौतुक. मी भाकरी थापत होते, ती थापतच राहिले. बायको नाही, पोरं नाही, पाळणा! पढवूनसुद्धा!

१२ फेब्रुवारी

अजून राग आहे.

९ मार्च

गेला. हातावर दही ठेवलं, सासूने मीठ-मोहऱ्या उतरवून टाकल्या. पाळण्याचे सुटे भाग घरामागे ताडपत्रीखाली ठेवलेत, जाता जाता त्यावरून हात फिरवला. माझ्यावरून नाही. चारचौघांत फिरवणार तरी कसा, पण आत घरात वेळ होता की.

जालन्याची बस निघताना खिडकीतून म्हणाला, येतो. जाताना सगळेच म्हणतात.

६ एप्रिल

रविवार. पुष्पाबाईच्या घरी फोन. आपल्याकडे फोन नाही, म्हणून तिचे उपकार. फोन आला की ती नेमकी तिथेच गहू निवडायला बसते. आज तर शेजारच्या आणखी दोघी निवडायला आल्या. एवढे गहू कुणाकडे पिकतात?

तो म्हणाला, तिकडचा पाळणा ट्रकमधून आपोआप उभा राहतो, खड्डे खणावे लागत नाहीत. आवाजात आनंद होता. मी विचारलं, गाव कोणतं? "ध्यानात न्हाई," म्हणाला, "दर आठ दिवसाला गाव बदलतंय."

लक्षात नाही? हा माणूस दहा वर्षांपूर्वीच्या जत्रेत ओढ्याच्या कोणत्या काठाला पाळणा होता ते सांगतो. आणि राहतो ते गाव लक्षात नाही!

२५ मे

आज काय विचारावं याने!

"तुझं वजन किती असल?"

आधी वाटलं, नीट ऐकू आलं नाही. पुन्हा तेच. म्हटलं, कशाला? तर म्हणे, सांग की, अंदाजानं. त्याच्या आवाजात नेहमीचं हसणं नव्हतं. पुष्पाबाईचा हात सुपातच थांबला. मी म्हटलं, जेवढं लग्नात होतं त्याहून जास्त, आणि फोन ठेवून दिला.

तिकडच्या बाया बघितल्या असतील. उंच, सडसडीत. आता घरची मापायला निघाला.

१ जून

आज कौसल्या आणि भुजंगचं वजन विचारलं. म्हणजे बायांचं काही नाही. मग काय आहे? पुष्पाबाई पदर तोंडाला लावून हळूच म्हणाली, "बाई, तिकडं किडन्या काढून राह्यलेत म्हणं. मापं आधीच घेत्यात." तिला घालवून दिलं, म्हणजे मीच तिच्या घरातून निघून आले. पण रात्रीच्या भाकरीची चव गेली.

सासू म्हणाली, विमा काढत असल. विमा? आमचा? आम्हाला काय होणार आहे, की हा तिथे बसून आमचा विमा काढतोय?

१५ जून

"पाळणा लावू नको. मी येईस्तोर लावायचा न्हाई, समजलं का? बिलकुल न्हाई."

कशामुळे, विचारलं. मागे कुणीतरी इंग्रजीत ओरडत होतं, गाणी वाजत होती. मी म्हटलं, पावसाळ्यात तसाही कोण लावतो, पण नवरात्रात लावावा लागेल, घर चालायचं कसं? "मी पाठवतो की पैसे," म्हणाला. "लावू नको म्हणलं ना." आणि कट.

ज्या पाळण्यासाठी परत येतो म्हणून त्या बाईला सांगितलं, तोच आता लावायचा नाही. म्हणजे परत यायचं कारणच उरलं नाही. मला समजतं सगळं.

१३ जुलै

जालन्याहून एक वेल्डिंगवाला आला. हातात टेप. मला न विचारता घरामागे गेला, ताडपत्री उचलली आणि दांड्या मोजायला लागला. खिळींची भोकं मोजली. लाल डब्याची तर दोनदा. कुणी सांगितलं, विचारलं. "संपतनं फोन केल्ता."

मला नाही, याला फोन! विकायला काढलाय. आता खात्री झाली. गिऱ्हाईकच आहे हा, वेल्डिंगवाला कसला! अर्धी मापं झाली असताना त्याला हाकलला. टेप गुंडाळत गेला बिचारा. बिचारा कसला.

१४ जुलै

कारभारीला विचारलं. त्याला काही माहीत नाही. मान खाली घालून सांगतो, माहीत नाही! भाऊ भाऊ एकच.

३ ऑगस्ट

नागपंचमी काल झाली. झाडाला बांधलेल्या झोक्यावर पोरी उड्या मारत होत्या. कौसल्या म्हणाली, आई, आपला पाळणा कधी? काय सांगू?

२७ सप्टेंबर

लावला!

भोकरदनला देवीची जत्रा, गर्दी ओसंडून चालली आहे, आणि मी ताडपत्रीकडे बघत बसू? कारभारी भीत होता, दादा रागावतील म्हणाला. मी म्हटलं, दादा तिकडं, जत्रा इकडं. पाळणा माझाही आहे. त्याच्या प्रत्येक पहिल्या फेऱ्याला मी बसले आहे. विकायचा असेल तर मला विचारून विकावा.

मी, कौसल्या, भुजंग. लाल डबा. लग्नातला शालू नेसून बसले मुद्दाम. वरून ओरडले पण, या, या, घाबरू नका! लोक हसले, रांग लागली. फार दिवसांनी बरं वाटलं.

२८ सप्टेंबर

फोन कौसल्याने घेतला आणि आनंदाने सगळं सांगून टाकलं. मग मला दिला. मी तयार होते भांडायला. पलीकडे नुसता श्वास. म्हटलं, बोला ना, काय बोलायचं ते. इतकंच विचारलं, "खाली आले ना तुम्ही?"

आलोच ना! त्याशिवाय फोनवर कोण बोलतंय? मी हे बोलायच्या आत फोन ठेवला होता.

१२ ऑक्टोबर

फोन नाही. मागच्या रविवारीही नव्हता. पुष्पाबाईचे गहू संपले वाटतं, आज नुसतीच बसली होती.

१९ ऑक्टोबर

तातेराव आला. पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं, आणि मला त्याच वेळी समजलं की काहीतरी बिनसलंय.

"वहिनी, संपतचा फोन आल्ता का?"

म्हणजे यालाही नाही! हंगाम सरत आला की काही काही जण तिकडेच सटकतात म्हणे. कुठे हॉटेलात, कुठे पेट्रोल पंपावर लपून काम धरतात. एक जरी राहिला, तरी पुढच्या वर्षी इथल्या कुणाला बोलावतील का याची खात्री नाही. तातेरावाच्या कपाळावर घाम होता. खरा घाम, मी ओळखते. तो गेल्यावर मला वाटलं, हा माणूस लबाड नव्हता. वर्षभर मी चुकीच्या माणसावर डोळा ठेवला.

रडू आलं. चूल फुंकत रडले, म्हणजे कुणी विचारलं नाही.

२५ ऑक्टोबर

दिवाळी. कापडं केली पोरांना. त्याला नाही.

१६ नोव्हेंबर

कडूबा आला. एकटा! मला बघून गाल खाजवायला लागला. "येऊन राह्यला मागून," म्हणाला, "मुंबईला उतरलो संगंच. त्याचं जालन्यात काम हाय थोडं." कसलं काम? "मला न्हाई माहीत, वहिनी. तोच सांगल." फोन का नव्हता, विचारलं, तर म्हणाला, तुम्ही पाळणा लावल्याचं ऐकलं तेव्हापासून फोनला हातच लावला नाही.

मुंबईत उतरून जालन्यापर्यंत येतो, आणि भोकरदनला यायला पाय उचलत नाहीत. जालन्यात काय आहे? तो वेल्डिंगवाला आहे.

२१ नोव्हेंबर

आला.

दुपारच्या बसने. वाळलाय, काळा पडलाय. पोरं बिलगली. सासूने भाकरीचा तुकडा उतरवून टाकला. मी दारात उभी. माझ्याकडे एकदा बघितलं आणि सरळ घरामागे ताडपत्रीपाशी गेला. सगळे आणतात तसं अत्तर नाही, साबण नाही, पोरांना एकेक टोपी. पिशवी मात्र उचलवेना इतकी जड. उघडून बघितली तो झोपल्यावर, बघणारच. नुसतं लोखंड! नव्या खिळी, जाड, प्रत्येकीला साखळी. एका डब्याला दोन-दोन.

म्हणजे विकत नाही. मग?

२७ नोव्हेंबर

दिवसभर पाळण्याला चिकटलेला. लाल डब्याची दांडी नवी बसवली. माझ्याशी बोलतो, पण तिकडचं काही नाही. विचारलं की विषय बदलतो. आमच्या धंद्यात काही गोष्टी तोंडातून काढत नाहीत, ते मला माहीत आहे. पण बायकोपाशीही नाही?

धान्याच्या मोंढ्यातून रिकामी पोती आणली. केळणा नदीच्या पात्रातून वाळू आणली, चाळली, वाळत घातली. घर बांधायचंय का, विचारलं. नाही, म्हणाला.

१ डिसेंबर

पोरांना घेऊन मोंढ्यात गेला आणि अडत्याच्या काट्यावर दोघांना उभं केलं. भुजंग नाचत सांगत आला. मग मला म्हणाला, तूबी चल. मी म्हटलं, मी काय कापूस आहे? गेले नाही. जाणारही नाही.

तर संध्याकाळी पाणी भरून आले, तेव्हा आत कुणी नव्हतं. घागर खाली ठेवली आणि याने मला कमरेला धरून उचललं! पाय जमिनीला लागेनात. थोडा वेळ तसंच धरलं, डोळे मिटून, काहीतरी मोजत असल्यासारखं. मग खाली ठेवलं आणि तडक मागे गेला. मी खिडकीतून बघितलं. पोतं उचललं, खाली ठेवलं, ओंजळभर वाळू काढली, पुन्हा उचललं.

माझ्या नवऱ्याच्या डोक्यावर परिणाम झालाय. हे लिहिताना हसू येतंय आणि भीतीही वाटते.

७ डिसेंबर

धावड्याला आलो. उद्या दत्तजयंती. पाळणा उभा केला. जेवताना म्हणाला, उद्या तुम्ही तिघं बसायचं नाही.

मग कोण बसणार? कुणाला बसवणार आमच्या जागेवर? बोलला नाही. मी आता विचारणार नाही. उद्या डोळ्यांनीच बघते कोण येते ती.

८ डिसेंबर

लाल डब्यात तीन पोती बसलेली. एक मोठं, दोन लहान. मोठ्याला माझ्या जुन्या लुगड्याची पट्टी बांधलेली.

लोक हसले. कारभारीने इंजिन सुरू केलं. माझ्या शेजारी उभा राहून, वर बघत, संपत हळू बोलला, "तिकडं पयल्या फेऱ्याला माणूस न्हाई बसवत. वाळू बसवत्यात. मे महिन्यात माझ्यासमोर खीळ निसटली. वरून पोतं आलं खाली. फुटलं. तुझ्याएवढंच असल वजनानं. तुझी जागा व्हती ती."

पोती फिरून सुखरूप खाली आली. त्याने नवी खीळ ओढून बघितली, मग कपाळ पुसलं. रांग लागली होती. मी एक तिकीट फाडलं, माझं मलाच दिलं, आणि दुसऱ्या फेऱ्याला जाऊन बसले. दांडी त्यानेच लावली.

वर गेल्यावर आयुष्यात पहिल्यांदा मला भीती वाटली.